बगीच्याची माती म्हणून मलबा विकता?

फुटक्या टाइलचा तुकडा आहे, त्यावरचं निळं फूल अजून स्पष्ट दिसतं. हा काल माझ्या पालकाच्या वाफ्यातून निघाला. त्याच्या खालून प्लास्टरचा ढेपसा, गंजलेली तार आणि सिमेंटच्या पोत्याचा चिंधा. आणि याला म्हणे ‘बगीच्याची तयार माती’!

संताप झालाय नुसता. नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या घरामागे आठ बाय चारची जागा आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण हात मातीत घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून दीड फूट उंच वाफा बांधायचं ठरवलं, काठावर बसून त्यांना निंदण-खुरपण करता यावं. रुंदी चारच फूट ठेवली, म्हणजे दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो. व्हिडिओत सगळे लाकडी फळ्या ठोकतात. आमच्याकडे त्या फळ्या वाळवीच्या पोटात जातील. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांमुळे इकडे राखेच्या विटा सहज मिळतात. त्याच आणल्या, सांध्यावर सांधा येऊ न देता सहा थर रचले, खालच्या थरात पाणी निघायला फटी ठेवल्या. मे महिन्याच्या उन्हात, सकाळी आठच्या आत, नवऱ्याने आणि मी मिळून. एकही वीट तिरपी नव्हती.

आठ गुणिले चार गुणिले दीड म्हणजे ४८ घनफूट, म्हणजे जवळपास अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती विकणाऱ्याला फोनवर तीनदा सांगितलं होतं: निम्मी पोयट्याची माती, पाव कन्हान नदीची रेती, पाव कुजलेलं शेणखत. ‘हो ताई, तेच मिक्स आहे, पूर्ण नागपूरले आम्हीच देतो.’ साडेतीन हजार रुपये घेतले. सकाळी येणारी ट्रॉली रात्री साडेनऊला आली, अंधारात ओतली आणि गेली. रात्री का आणतात, हे आता समजलं.

सकाळी सासूबाईंनी मूठ उचलली, पाणी लावून दाबली आणि बोटांवरून ओढली. चकचकीत लांब पट्टी निघाली. ‘सूनबाई, हे तर वावरातली काळी हाये. वाफ्यात भरली तर फुगंन आन् मंग दगड होईन.’

तरी भरली, आणि त्यांचा शब्दन् शब्द खरा ठरला. काळ्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती; पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते. कापसाला ती चांगलीच, वावरात तिला पसरायला जागा असते. विटांच्या पेटीत ती कुठे जाणार? जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर पश्चिमेकडची भिंत पोट काढून उभी होती. चौथ्या थराच्या तीन विटा बाहेर पडल्या. वर दोन दिवस पाणी तुंबलं, चवळीचं बी सडलं. भेंडीची चार रोपं आली, त्यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. माती आधीच चुनखडीची, त्यात सिमेंट-प्लास्टरचा चुना. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही.

मी लोणच्याच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून खळखळ हलवली. रेती मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते. इथे जेमतेम बोटाच्या पेराएवढी बसली, तीही विटांचा चुरा. वर कडबा तरंगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गढूळच! आणि शेणखत? कुजलेलं खत काळं, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास नसतो. यातले गोळे हिरवट, ओले, आणि आत पांढऱ्या जाड हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या. कच्च्या खतातून हुमणी येते हे खेड्यातलं पोरही सांगेल, आणि हा माणूस धंदा करतो याचा!

फोन केला तर म्हणतो, ‘ताई, अशीच रायते माती. पाणी टाका, सेट होऊन जाते.’ ना बिल, ना मातीत काय आहे ते कुठे लिहिलेलं. रासायनिक खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती ते लिहावंच लागतं, तसा १९८५चा खत नियंत्रण आदेश आहे. घर पाडल्याचा मलबा मात्र चाळणसुद्धा न मारता ‘गार्डन मिक्स’ म्हणून कुणाच्याही दारात ओतायचा! ज्या मातीतली मेथी-सांबार (कोथिंबीर) नातवंडं खाणार, तिच्यात कुठल्या जुन्या रंगाचे पापुद्रे आहेत ते मला कोण सांगणार?

तीन रविवार झाले, मी वाळूच्या चाळणीने सगळं परत चाळते आहे. सासूबाई खुर्ची टाकून काचा वेचतात, मी नको म्हटलं तरी. काल त्यांच्या अंगठ्याला लागली. आतापर्यंत अठरा घमेली मलबा निघाला, तो गेटजवळ रचून ठेवला आहे. आज पुन्हा फोन करून सांगितलं: दिवसाउजेडी ये, सगळ्या गल्लीसमोर हा मलबा उचलून ट्रॉलीत भर, आणि माझे साडेतीन हजार घेऊनच ये.