त्या आवाजाला हात लावू नका

आज सकाळी आमच्या गाणी ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. मेक्सिकोची गायिका चावेला वार्गास, तिचं म्हातारपणीचं गाणं, एआयने 'साफ' केलेलं. खरखर काढलेली, श्वास काढलेले, सूर जिथे थरथरला तिथे इस्त्री फिरवून सरळ केलेला. वर लिहिलंय, 'आता कुठे ऐकवतंय.' खाली अठरा अंगठे. त्यातले दोन-तीन अंगठे ही पोस्ट वाचणाऱ्यांचेच आहेत, म्हणून इथे लिहितेय.

दिवसभर ऑफिसात धड लक्ष लागलं नाही. कोणीतरी माझ्या घरात शिरून कुणाच्या तरी फोटोवरच्या सुरकुत्या खोडरबरने पुसल्यासारखं वाटतंय.

नाव ओळखीचं नसेल, पण तिला तुम्ही पाहिलंय. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोवरचा २००२ चा सिनेमा आठवतो? त्यात दारूच्या गुत्त्यात बसलेली एक म्हातारी, पांढरे केस, जवळजवळ कुजबुजत 'ला योरोना' गाते. तीच ही. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. आणि तरुणपणी काही काळ ती खरोखरच फ्रिडाच्या निळ्या घरात राहिली होती.

माझी आणि तिची गाठ कशी पडली ते सांगते. २०११ च्या शेवटी कंपनीने मला मेक्सिकोत कुएर्नावाकाला पाठवलं. गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, माझं काम क्वालिटीचं. दिवसभर पार्ट हातात घ्यायचा आणि त्यातली खोट शोधायची. राहायला एका सत्तरीच्या बाईंच्या घरी वरची खोली. सगळी गल्ली त्यांना सेन्योरा म्हणायची, मीही म्हणायचे. रात्री नऊला माझा पुण्याशी कॉल असे, तिकडे सकाळचे साडेआठ. आणि नेमकी त्याच वेळी खाली स्वयंपाकघरात ही गाणारी म्हातारी सुरू व्हायची. एका रात्री मी जिन्यातून वाकून म्हटलं, सेन्योरा, आवाज जरा कमी कराल का, ही बाई रडतेय की पिऊन पडलीय तेच कळत नाही. माझं स्पॅनिश तेव्हा तोडकंमोडकं होतं, पण एवढं मात्र अगदी नीट जमलं.

त्यांनी आवाज कमी केला नाही. बंदच केला.

शनिवारी मला खाली बोलावलं. 'ये, मिहा.' मिहा म्हणजे पोरी. निवडुंगाची पानं घेऊन सुरीने काटे काढत बसल्या होत्या, तिकडे त्याची भाजी करतात. मला स्टुलावर बसवलं आणि एक जुनी तबकडी लावली. 'माकोरीना'. भरलेला, ताठ, तरुण आवाज. मग तेच गाणं सीडीवर. तोच आवाज, पण मधे तीस-चाळीस वर्षं गेलेली. तुटलेला, कुठे नुसता श्वास, कुठे एकदम ओरडणं. आणि विचारलं, 'यातली प्यायलेली कोणती?'

मी म्हटलं, दुसरी. उघडच आहे.

'चूक,' म्हणाल्या. 'पहिली. दुसरीने थेंबही घेतलेला नाही.'

ग्रुपवरच्या त्या अठरा जणांना मला हाच प्रश्न विचारायचाय.

तिचं खरं नाव इसाबेल वार्गास लिसानो. जन्म १७ एप्रिल १९१९, तोही मेक्सिकोतला नाही, कोस्टा रिकातल्या सान होआकीन दे फ्लोरेसचा. लहानपणी पोलिओ. आईबाप वेगळे झाले, पोर काकांकडे गेली. पुढे ती स्वतःच सांगायची की घरी पाहुणे आले की तिला लपवून ठेवत, कारण पोरगी मुलीसारखी वागत नाही. मुलगी दिसायला, वागायला जरा वेगळी निघाली की तिला माजघरात ढकलायचं, हे कुठल्या देशात होत नाही? त्या घरातून ती कोवळ्या वयात निघाली आणि एकटी मेक्सिकोला गेली. रस्त्यावर गायली, वर्षानुवर्षं. नाव व्हायला तिशी उलटावी लागली. पहिली मोठी तबकडी आली १९६१ मध्ये, वय बेचाळीस.

ती गायची ते रांचेरा. आता रांचेरा म्हणजे काय, ते थोडक्यात. रांचो म्हणजे खेड्यातली शेतीवाडी, तिथलं गाणं. १९१० च्या क्रांतीनंतर खेड्यातली माणसं शहरात आली, १९३० मध्ये एक्सईडब्ल्यू रेडिओ सुरू झाला, मग सिनेमा आला आणि हे गाणं देशभर झालं. प्रेम, बेइमानी, घोडा, तकीला, गाव. मागे मारियाची, म्हणजे वादकांचा ताफा: व्हायोलिनं, ट्रम्पेट, छोट्या गिटारसारखी विहुएला, पोट सुटलेली मोठी गितारोन. गाणारा भरजरी पोशाखात, छाती काढून, मधेच आरोळी. आणि बहुतेक गाणी पुरुषाने बाईला म्हटलेली.

चावेलाने काय केलं? ट्रम्पेट काढले. व्हायोलिनं काढली. एक-दोन गिटार ठेवल्या. उंच टाचा आणि झगे घालून पाहिले, जमेना, मग पँट घातली, वर होरोंगो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडी. गाण्याची चाल निम्म्याने संथ केली. आणि पुरुषाने बाईसाठी लिहिलेलं गाणं बाई म्हणून बाईसाठीच गायली, एक शब्द न बदलता. पन्नास-साठच्या दशकातल्या मेक्सिकोत! ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. तिने ते आत्मचरित्रात स्वतः उघड लिहिलं तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

होसे आल्फ्रेदो हिमेनेस, दोलोरेस इदाल्गोचा, रांचेराचा सगळ्यात मोठा गीतकार, तो तिचा दोस्त. त्याला नोटेशन येत नसे, वाद्यही वाजवता येत नसे. आधी हॉटेलात वाढपी होता, फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, चाल शीळ घालून सांगायचा. दोघं मेक्सिको सिटीत गारिबाल्दी चौकातल्या तेनाम्पात बसून प्यायची, किती ते विचारू नका. १९७३ मध्ये तो लिव्हरने गेला, अवघा सत्तेचाळीस वर्षांचा. ती राहिली आणि पीत राहिली. सत्तरचं दशक संपता संपता तिचं गाणं बंद पडलं. कुएर्नावाकाजवळ आवातेपेकला जाऊन पडली. लोक समजायला लागले की मेली.

ती सोपी बाई नव्हती, हे कबूल. पिस्तूल बाळगायची, प्यायली की जवळच्यांना सोसवत नसे. तिच्यासोबत राहिलेल्यांनी भोगलंय. हे झाकून मला तिची आरती करायची नाही.

पण त्या स्वयंपाकघरातलं पुढचं सांगते. मी विचारलं, सेन्योरा, तुम्हाला कसं ठाऊक कधी प्यायलेली होती आणि कधी नाही? काटे काढता काढता, मान वर न करता म्हणाल्या, 'मला कळतं.' एवढंच. महिन्याभराने, आम्ही बाजारातून परत येत होतो तेव्हा, आपण होऊन बोलल्या. नवरा गेल्यावर सहा वर्षं त्याही पीत होत्या. रोज रात्री, नऊला. मग सोडली. सोडली तरी नऊ वाजायचे थांबले नाहीत. म्हणून त्या वेळेला त्या ही बाई लावत.

आणि मी जिन्यातून वाकून आवाज कमी करायला सांगितला होता. तेरा-चौदा वर्षं झाली, तो जिना अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून राग येतो हो. तुम्हाला वाटतं तुम्ही खरखर काढलीत. तुम्ही काय काढलंत ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?

१९९१. मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान भागात एल आबितो नावाचं छोटं नाट्यगृह-बार होतं, हेसूसा रोद्रिगेस आणि लिलियाना फेलिपे या दोघी चालवत. तिथे ती परत उभी राहिली. बहात्तर वर्षांची, दारू न घेता. आयुष्यभर घेऊन गायलेल्या बाईने रिकाम्या पोटी, रिकाम्या हातांनी स्टेजवर जायचं, ही कल्पना करून बघा. ताकदीचा तो जुना आवाज उरला नव्हता. मग तिने काय केलं, तर जो उरलाय तो लपवला नाही. जिथे आवाज पोचत नाही तिथे बोलली. जिथे बोलवेना तिथे गप्प राहिली. ती गप्प राहते ना, ते गाणंच आहे. या व्हिडिओत त्या सगळ्या जागा कापून टाकल्यात, 'गॅप' म्हणून!

त्यानंतरची वीस वर्षं बघा. स्पेनने डोक्यावर घेतलं, पेद्रो आल्मोदोवारने आपल्या सिनेमांत तिची गाणी वापरली, स्टेजवर स्वतः उभं राहून तिची ओळख करून दिली. पॅरिसचं ऑलिंपिया सभागृह. २००० मध्ये स्पेन सरकारचा इसाबेल ला कातोलिका सन्मान. २००३ मध्ये न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, वय चौऱ्याऐंशी. तिथल्या लोकांनी तिकिटं कसला आवाज ऐकायला काढली होती? इस्त्रीचा?

बरं, ही एकटीची गोष्ट नाही. बायकांच्या रांचेराची सुरुवातच अशी आहे. लूचा रेयेस, ग्वादालाहाराची, १९०६ चा जन्म. सोप्रानो होती, उंच, स्वच्छ गळ्याची. विसाच्या दशकात युरोपच्या दौऱ्यावर जर्मनीत घसा गेला. बरेच महिने गाणं बंद. परत आला तो आवाज घोगरा, जाड, फाटलेला. आणि त्याच आवाजात ती अशी काही गायला लागली की बायकांच्या ओरडून, हुंदका देऊन, लढून गायच्या पद्धतीला नावच पडलं, 'ब्राव्हिओ'. अडतिसाव्या वर्षी गेली. पण पुढच्या सगळ्या गाणाऱ्या बाया त्याच वाटेने आल्या. घसा बसला म्हणून कोणी तिला साफ करून दिली असती, तर हे पुढचं काहीच झालं नसतं.

एक जण ग्रुपवर म्हणाला, ताई, एवढं काय त्यात, जुन्या रेकॉर्डिंगवर सगळेच काम करतात. तबकडीवरची धूळ, सुईचा कर्रकर्र, तो काढा, मी कशाला अडवू. पण सुईचा आवाज वेगळा आणि गळ्याचा वेगळा. क्वालिटीत वीस वर्षं काढलीत मी. कुठली खोट पार्टची आणि कुठली खूण वापराची, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला.

लिहिता लिहिता राग जरा खाली आलाय. ज्याने व्हिडिओ टाकला तो पोरगा वाईट नाही, कदाचित त्याला खरंच ती आवडली असेल आणि आईला ऐकवावी म्हणून त्याने ते केलं असेल. मीही एके काळी जिन्यात उभी होतीच की. त्याला एवढंच सांगते, मूळ गाणं एकदा रात्री ऐक, फोनवरून नको, खोलीत मोठ्याने लाव, आणि शेवटपर्यंत थांब.

२०१२ च्या जुलैमध्ये ती माद्रिदला गेली. त्र्याण्णव वर्षांची, चाकाच्या खुर्चीत. स्पॅनिश कवी लोर्का, त्याच्या कवितांवरची तिची शेवटची तबकडी आली होती. लोर्का ज्या विद्यार्थी-वसतिगृहात राहायचा, तिथेच तिने कार्यक्रम केला. मग हॉस्पिटल. सगळे नको म्हणत असताना तब्येतीची जरा उसंत मिळताच मेक्सिकोला परतली. शेवटची वर्षं ती राहायची तेपोस्त्लानला, आमच्या शेजारीच, डोंगरासमोर. ५ ऑगस्टला, रविवारी, कुएर्नावाकाच्या हॉस्पिटलात तिने प्राण सोडला.

सेन्योरा दुपारभर टीव्हीसमोर बसून होत्या. राजमा भिजत घातलेला तसाच राहिला. तिला गारिबाल्दीत नेणार, मग बेयास आर्तेसच्या मोठ्या नाट्यगृहात ठेवणार, असं सांगत होते. त्या रडल्या नाहीत. नऊ वाजले तेव्हा उठल्या आणि सीडी लावली, दुसरी, म्हातारपणीची.

रविवारची रात्र म्हणजे पुण्यात सोमवारची सकाळ, माझा कॉल होता. वर गेले नाही. लॅपटॉप खाली आणला, स्वयंपाकघरातल्या त्याच स्टुलावर बसले. दोन मिनिटांत पलीकडून विचारलं, मागे कोण रडतंय का, जरा बंद करायला सांग ना.

मी म्हटलं, गाणं आहे. बंद नाही होणार. बोला तुम्ही.