मेंदी हातावर चढते, मग दोऱ्यावर का नाही?

ताई, पिशवीचा फोटो पाहिला. तिचा अंबाडीचा दोरा तुम्ही माझी पोस्ट वाचून मेंदीच्या पाल्यात तासभर उकळलात आणि दुसऱ्या धुण्यात तो होता तसा पांढुरका झाला. ‘हातावर पंधरा दिवस टिकते ती मेंदी दोऱ्यावर दोन दिवस टिकत नाही, म्हणजे हे नैसर्गिक रंगांचं फॅडच’ असं तुम्ही लिहिलंत. फॅड म्हणणं मला मान्य नाही, पण चूक माझीच.

कातडी, केस, लोकर, रेशीम ही सगळी प्रथिनं, आणि मेंदीतला रंग प्रथिनाला धरतो. अंबाडी, ताग, कापूस, केळीचं सोपट हे सेल्युलोज. त्याला हा रंग नुसता वरवर चिकटतो. मध्ये कोणीतरी लागतं. ते काम हिरडा आणि तुरटी करतात, आणि नेमकं तेच मी पोस्टमध्ये ‘नेहमीप्रमाणे तयारी करून’ एवढ्यावर उरकलं होतं. नव्या माणसाला ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय कळणार?

तर 100 ग्रॅम कोरड्या दोऱ्याला: आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून त्यातलं मेण, चिकटा काढायचा. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. मग 20 ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात घालून दोरा रात्रभर त्यात ठेवायचा. पिळून 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात, पुन्हा रात्रभर. मग मेंदीचा पाला. एवढं करूनही हातावरचा केशरी रंग येणार नाही, खाकीकडे झुकणारा येईल. धुताना रिठा वापरा.

‘तुरटी म्हणजे केमिकलच की’, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. नाही असं मी कधी म्हटलं नाही. रंग पक्का करायला काहीजण वापरतात ते मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, मात्र घरात आणत नाही, कारण ते पाणी शेवटी मोरीतच ओततो.

‘झाडाचे रंग टिकत असते तर कारखान्याचे कशाला आले असते?’ या तुमच्या प्रश्नाला मात्र हरकत. जर्मनीतल्या कारखान्याची नीळ 1897 मध्ये बाजारात आली. तिचा रेणू पानातल्या निळीचाच. जास्त टिकते म्हणून नव्हे, स्वस्त पडली म्हणून ती चालली. आणि निळीला हिरडा-तुरटी काही लागत नाही. नीळ घातलेल्या चुना-गुळाच्या आंबवणातून दोरा हिरवट-पिवळा निघतो आणि हवेत धरला की डोळ्यांदेखत निळा होतो.

रंगासाठी सागाचा पाला आणायला ठाण्याजवळ येऊरला जायचं मनात असेल तर नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे. नेरूळला रस्त्याकडेला जंगली बदामाची लाल पानं गळलेली असतात, ती गोळा करा. मी ठाण्यात तीच वापरते.

पिशवी टाकू नका. उसवायचीही गरज नाही. हिरड्यात बुडवून मग गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात घाला, छान करडी होईल. खिळ्यांचं पाणी मात्र बेतानं. जास्त झालं की दोरा कमकुवत होतो. माझी एक पिशवी तशीच गेली, जांभळी नाक्यावर, दोन किलो कांद्यांसकट.