अर्धा ग्लास तरी घ्याच!

माझ्या लिव्हरला चरबी चढलीय हे मला जुलैमध्ये कळलं. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात तसं लिहूनच आलं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "घेता का?" मी म्हटलं, "नाही हो, थेंबभरही नाही." शेजारी बायको बसलेली, तिने मान हलवून दुजोरा दिला. डॉक्टर म्हणाले, "मग थंड? कोला वगैरे?" यावर मात्र ती माझ्याआधी बोलली. "रोज. ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर एक, आणि रात्री फ्रिजचं दार उघडून उभ्या उभ्या एक."

दारूच्या थेंबालाही न शिवता दारुड्यांच्या रांगेत जाऊन बसलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. पिऊन हे झालं असतं तर निदान चार रात्री तरी आठवायला असत्या.

डॉक्टर परळचे, त्यामुळे समजावलंही रेल्वेच्या भाषेत. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. "ग्लुकोज ही स्लो लोकल. मेंदू, स्नायू, हृदय, जिथे तिथे थोडं थोडं उतरत जातं. फ्रुक्टोजची गर्दी मात्र बरीचशी एकाच स्टेशनावर उतरते, लिव्हरला. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर काय होतं बघता ना? मग लिव्हर काय करतं, जास्तीच्या मालाची चरबी करून तिथेच ठेवून देतं." मी विचारलं, "आणि फळांत असतं ते?" म्हणाले, "फळ चावावं लागतं, त्यात चोथा असतो. तुमची बाटली गटागटा जाते."

त्या रविवारी मी चष्मा लावून बाटलीचं लेबल वाचलं. इतकी वर्षं फक्त किंमत वाचत होतो. १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर आपल्या पाहुण्यांच्या २०० मिलीच्या ग्लासात पाच चमचे. सव्वादोन लिटरच्या बाटलीत किती, हे तोंडी हिशेबात पटेना, म्हणून साखरेचा डबा घेऊन ओट्यापाशी बसलो आणि एकेक चमचा पातेल्यात टाकत गेलो. बत्तिसाव्या चमच्याला बायको आत आली. "अहो, शिरा करताय का?" मी खुणेनेच थांब म्हटलं, मोजणी चुकली असती. साठाव्या चमच्याला थांबलो. पाव किलोला जेमतेम कमी. पातेल्यात साखरेचा डोंगर झाला होता आणि ओट्याच्या कडेने पहिली मुंगी निघालीसुद्धा होती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलीत तर उत्तम. म्हणजे सहा चमचे. आणि चहाची साखर त्यातच धरायची.

दातांच्या डॉक्टरांची तर वेगळीच तऱ्हा. माझी एक दाढ गार पाण्याने सणकायची, म्हणून गेलो होतो. फुशारकी मारली, "मी एकदम पीत नाही हां, ऑफिसात एक बाटली घोट घोट करत तासभर पुरवतो." ते म्हणाले, "तेच तर वाईट." पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं ॲसिड जास्त. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो आणि साडेपाचच्या खाली गेलं की दातावरचं कवच विरघळायला लागतं. प्रत्येक घोटाला दातांना ॲसिडची आंघोळ, लाळ जरा सावरून घेतेय तोवर पुढचा घोट. "प्यायचंच असेल तर पटकन पिऊन टाका आणि चूळ भरा. लगेच ब्रश मात्र करू नका, अर्धा तास थांबा. मऊ पडलेलं कवच ब्रशने घासून जाईल." एका डॉक्टरांचं म्हणणं कमी प्या, दुसऱ्यांचं म्हणणं पटकन प्या. दोघांचं ऐकायचं म्हणून मी बंदच केलं, आणि खरं सांगतो, चाळीस दिवस सोडाबिडा काही तोंडाला लावलं नाही.

मग गणपती आले.

ऋषिपंचमीला आम्ही घाटकोपरहून सकाळी निघतो आणि गिरगावापासून परतीच्या वाटेवर सहा घरचे गणपती करतो. पहिलं घर ठाकूरद्वारला आत्याचं. आत्या ऐंशीच्या पुढची. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरांनी थंड बंद केलंय." आत्या म्हणाली, "डॉक्टर काय रे नंदू, श्वासही बंद करतील. अर्धा ग्लास तरी घे." तिचा अर्धा ग्लास स्टीलचा. स्टीलच्या ग्लासाची हीच तर खुबी, आत किती आहे ते हातात वजन येईपर्यंत कळत नाही. मला दातांचे डॉक्टर आठवले. एका दमात संपवला. आत्याचे डोळे भरून आले. "पोर तहानलंय गं," असं म्हणत तिने पुन्हा काठोकाठ भरला.

खेतवाडीत मी शहाणपणा केला आणि उपास आहे म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुरुष कधीपासून ऋषिपंचमी धरायला लागले?" मी देवाकडे बघितलं. "बरं, पण थंड उपासाला चालतं हो, त्यात कुठे धान्य असतं?" समोर ओल्या नारळाच्या करंज्यांचं ताट फिरत होतं. उपासामुळे ते माझ्यावरून पुढे गेलं आणि ग्लास तेवढा माझ्यापाशी थांबला.

काळाचौकीला मी ब्रह्मास्त्र काढलं. "मला शुगर निघालीय." खोटं होतं, पण लागू पडलं. नको तितकं लागू पडलं. मामींनी माझ्या ताटलीतले दोन्ही उकडीचे मोदक, वर तूप सोडलेले, शब्दही न बोलता उचलून माझ्या बायकोच्या ताटलीत ठेवले. बायकोने ते माझ्याकडे बघत सावकाश खाल्ले. मामांनी कारल्याच्या रसाची कृती सांगितली. आणि मामी आनंदाने म्हणाल्या, "अगं बाई, तुमच्यासारख्यांसाठी बिनसाखरेचं आणलंय की!" आला ग्लास. लगेच फार्मसीला असलेला भाचा कोपऱ्यातून बोलला, "काका, त्यात साखरेऐवजी अस्पार्टेम नावाचं गोड रसायन असतं. २०२३ मध्ये त्याला कॅन्सरच्या 'शक्यता आहे' अशा यादीत टाकलंय." सगळे माझ्याकडे बघू लागले. भाचा मग म्हणाला, "घाबरू नका, मर्यादा तीच ठेवलीय, वजनाच्या किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ती ओलांडायला तुमच्या वजनाला दिवसाला नऊ-दहा कॅन लागतील." माझं वजन सगळ्यांसमोर निघालं ते वेगळंच. आणि साखर नसली तरी ॲसिड असतंच, तेव्हा दाढेला काहीच दिलासा नव्हता.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. १९७७ मध्ये कोकाकोला देश सोडून गेलं, थम्स अप आलं, पण आमचा जीव गोल्डस्पॉटवर. काचेची इवलीशी बाटली, तीन भावंडांत एक, आणि बाटली परत करायची म्हणून दुकानदाराच्या नजरेसमोर उभं राहून प्यायची. कुणाला लिव्हर खराब करण्याइतकं मिळतच नसे. आता बाटलीच बाळाएवढी झालीय आणि ती उघडली की संपवायची, नाहीतर गॅस जातो.

यजमानांना तरी कसा दोष देणार? दहा बाय बाराची खोली, त्यात मखर, आरतीचं तबक, पंधरा माणसं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. ओट्यावर नैवेद्य शिजतोय. चहा टाकायला शेगडी मोकळी नाही. थंड ओतायला गॅस लागत नाही, पाहुणा उभ्या उभ्या पितो, आणि ग्लास रिकामा झाला की आता निघायला हरकत नाही, हे कुणालाच बोलावं लागत नाही. ग्लास नाकारला तर तो पाहुणा जाणार कधी?

म्हणून लालबागच्या दोन घरांत आणि परळच्या शेवटच्या घरी मी काहीही कारण सांगितलं नाही. प्यालो. बिनसाखरेचा सोडून सहा ग्लास, तीस चमचे, सव्वाशे ग्रॅमच्या वर. पाच दिवसांचा कोटा सूर्य मावळायच्या आत.

करी रोडला स्लो लोकल पकडली. दर्शनाची गर्दी परतत होती. माझ्या नाकापासून चार बोटांवर एका गृहस्थांचं नाक. परळ गेलं आणि पोटातून काहीतरी वर निघालं. मी ओठ घट्ट मिटले. दादरला आणखी माणसं घुसली आणि पोटावर कुणाचं तरी कोपर आलं. सोड्याने अन्न पचतं म्हणून ढेकर येतो, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या समजतात. काही पचलेलं नसतं हो. बाटलीत कोंबलेला वायू, तोच आपला परत निघतो, आणि येताना जठरातलं ॲसिड सोबत घेऊन येतो. माटुंग्याला छातीत जळजळ सुरू झाली. शीवला डोळ्यांत पाणी आलं. बायको बायकांच्या डब्यात, तिथे बहुधा मोदकांचं वर्णन चालू असणार.

कुर्ल्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी राहिली आणि पंखेही बंद पडले. त्या शांततेत तो सुटला. लांबलचक, दोन मजली. सगळा डबा वळून बघायला लागला.

समोरच्या गृहस्थांनी चेहरा जरा बाजूला केला, पण माणूस सज्जन. आपुलकीने म्हणाले, "ॲसिडिटी का? घाटकोपरला उतरलात की स्टेशनबाहेरच एक गार सोडा मारा. लगेच बरं वाटेल."