कोड ऑफ कंडक्ट ही परदेशी थेरं नाहीत

परदेशात येऊन बरीच वर्षं झाली तरी तिकडच्या टेकवाल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर मी अजून आहे, आणि गेले काही दिवस तिथं एकच वाद पेटलाय, कॉन्फरन्सला कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे तिथं कसं वागायचं आणि तक्रार कुठे करायची याचे लिखित नियम, हवाच कशाला. एकाने लिहिलं, आपण सगळी शिकलेली माणसं, कसं वागायचं ते कुणी छापून द्यायला हवं का, ही परदेशी थेरं आहेत. त्याला भरपूर लाइक पडले म्हणून हे लिहायला बसले.

इकडच्या लोकांना हे शहाणपण जन्मजात आलेलं नाहीये हो. २०१० च्या आसपास ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, कॉन्फरन्समधे बायकांच्या अंगचटीला येणं, स्लाइडमधे नको ते फोटो टाकणं असले प्रकार उघड व्हायला लागले तेव्हा कुठे लिखित नियमांची मागणी जोर धरू लागली, आणि तेव्हा इथेही हेच म्हणत होते की आपल्यात असलं कोण करतं. २०१२ मधे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सांभाळणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने जाहीर केलं की कोड ऑफ कंडक्ट नसलेल्या कॉन्फरन्सला पैसे मिळणार नाहीत.

ग्रुपवर २०१३ च्या पायकॉनचं, म्हणजे पायथनवाल्यांच्या कॉन्फरन्सचं, उदाहरण हमखास येतं. अमेरिकेत सांता क्लारामधे मागे बसलेल्या दोघांचे अश्लील विनोद ऐकून एका बाईने त्यांच्या फोटोसकट ट्विट केलं, आयोजकांनी लगेच त्यांना बाजूला घेऊन बोलणं केलं, पण तोवर गोष्ट बाहेर पसरली, एकाची नोकरी गेली, मग तिला धमक्या आल्या आणि तिचीही नोकरी गेली. बघा कोडमुळे काय झालं, असं म्हणतात. मला ते पटत नाही, कारण आयोजकांनी केलं ते योग्यच होतं, वाट लागली ती बाहेरच्या गदारोळाने.

मात्र विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे, कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेला कोड आणि मागे कुणीच उभं नाही, त्याचा काही उपयोग नसतो. माझं सांगते. इथल्या एका कॉन्फरन्समधे प्रश्नोत्तरांच्या वेळी स्टेजवरच्या माणसाने माझ्या उच्चारांची नक्कल केली आणि हॉल हसला. मी थरथरत तक्रारी घेणाऱ्या डेस्कवर गेले, तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, माझं नाव सांगायचं की नाही ते आधी मला विचारलं, आणि संध्याकाळी स्वतः येऊन काय केलं ते सांगितलं. त्या शेवटच्या गोष्टीमुळे मी दुसऱ्या दिवशी परत गेले, नाहीतर गेले नसते.

आणि सगळंच काही तक्रारीपर्यंत जात नाही. पहिल्या कॉन्फरन्सला मी प्रत्येक ब्रेकमधे भिंतीला टेकून एकटीच उभी, घोळक्यांच्या पाठी बघत. पुढे एरिक होल्शर यांचा पॅकमॅन रूल कळला, गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, म्हणजे तो गोल पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या गोल पात्राच्या उघड्या तोंडासारखा दिसतो आणि नवीन माणूस आपणहून येऊन उभा राहतो. याला ना पैसे लागतात ना कमिटी, पण कुणी स्टेजवरून सांगितलं तरच लोक करतात.

ग्रुपमधले तिघंजण पुढची कॉन्फरन्स भरवतायत. बाबांनो, कोड पाहिजे तर अर्ध्या पानाचा करा, पण त्यात ऐकून घेणाऱ्या दोन माणसांची नावं आणि नंबर टाका, त्यात एक तरी बाई असू दे, आणि तक्रार तुमच्यापैकीच कुणाची असेल तर कुणाकडे जायचं तेही लिहा.