हिरवं दिसतं म्हणून जंगल जुनं होत नाही

कोकणचं हिरवंगार उपग्रहचित्र आणि खाली मजकूर: 'भारत हिरवा झाला हे नासानेच सांगितलंय. सरकारी आकडेही वाढलेत. तोडलेलं रान चार पावसांत परत येतं.' असे मेसेज सर्रास पुढे ढकलले जातात. यातला एकेक दावा तपासून बघू.

नासाने २०१९ मध्ये मांडलेला अभ्यास खरा आहे. पण त्यात मोजली होती पानं. २००० ते २०१७ या काळात भारतात वाढलेल्या हिरवाईत शेतीचा वाटा ८२ टक्के आणि जंगलाचा ४.४ टक्के, हे त्याच निबंधात छापलंय. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलं.

सरकारी आकड्यांचं म्हणाल, तर भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांचं दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते वनाच्छादन धरतं. झाडं कसली, जमीन कुणाची, हे बघत नाही. म्हणजे सिंधुदुर्गाच्या दोडामार्गातली रबराची लागवडही त्यात बसू शकते.

तिसरा दावा सगळ्यात घातक. ऐन-किंजळ तोडले की बुंध्यांना फुटवे येतात, दोन-तीन पावसांत डोंगरउतार वरून पुन्हा हिरवा दिसतो. हिरवेपणा मोजणारा निर्देशांक (एनडीव्हीआय) पानांचं छत्र दाट झालं की पुढे फारसा चढतच नाही. त्यामुळे दहा वर्षांचं फुटव्यांचं रान आणि जुनी देवराई त्यात जवळपास सारखीच दिसतात. धनेश पक्ष्याला मात्र घरट्यासाठी जुन्या, जाड खोडातली ढोली लागते. मनगटाएवढ्या फुटव्यात ती कुठून येणार?

उपग्रहाला जंगलाचं वय कळतच नाही, असंही नाही. एका चित्रावरून ते कळत नाही, एवढंच. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची चित्रं १९८२ पासूनची आहेत. ती ओळीने लावायची आणि हिरवेपणा कुठल्या वर्षी एकदम कोसळला ते शोधायचं; नव्या रानाचं वय तिथून मोजायचं. मात्र फेब्रुवारीशी फेब्रुवारीच ताडून बघायचा, नाहीतर पानगळ तोडीसारखी दिसते. जिथे अशी पडझड सापडतच नाही, ते रान त्या नोंदींहून जुनं, इतकंच म्हणता येतं. उंचीसाठी अंतराळ स्थानकावरचा 'जेडाय' (GEDI) हा लेझर आहे. तो साधारण २५ मीटरच्या ठिपक्यात शेंडा ते जमीन अंतर मोजतो. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहाचं एल-बँड (लांब लहरींचं) रडार तर पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचतं.

लँडसॅटचा साठा २००८ पासून फुकट आहे. सिंधुदुर्गातलं कुठलं खासगी रान कधी तुटलं, याचा नकाशा काढायला कुणाची परवानगीही लागत नाही.