‘जवान मरतात तेव्हा तुमची लेखणी कुठे असते?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

छत्तीसगडमधल्या सारकेगुडा इथे २०१२ साली सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ माणसं मारली गेली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. ताई, पुण्यात बसून बस्तरवर लिहिणं सोपं असतं. जवान मरतात तेव्हा तुमची लेखणी कुठे असते? जांभुळखेड्याला एक ओळ आणि सारकेगुडाला अख्खा लेख, हा कुठला न्याय? रात्रीच्या अंधारात समोर कोण आहे हे जवानाने ओळखायचं कसं? नक्षलवाद संपत आला असताना जुनं कशाला उकरता? आणि असल्या लेखनाला पैसा कुठून येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पैशाचं आधी बोलते. मला ‘ताई’ म्हणायचं आणि पाच ओळींनंतर ही बाई विकली गेली आहे असं सुचवायचं, ही बोलण्याची कुठली रीत? पुरावा असेल तर पोलिसांत द्या. नसेल तर ते वाक्य मागे घ्या. माझ्या मताला कुणी कितीही कडक विरोध केला तरी मी ऐकून घेते, आजवर घेत आलेय. पण न पाहिलेल्या माणसाच्या हेतूवर बोट ठेवून मग न्यायाची भाषा करायची, हे मी ऐकून घेणार नाही.

जांभुळखेड्याबद्दलची एक ओळ तोकडी होती, हे मान्य. लेख सारकेगुडाचा होता हे खरं असलं तरी १ मे २०१९ ला गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात, जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडवलेल्या सुरुंगाच्या स्फोटात गेलेल्या १५ पोलिसांना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला त्याहून जास्त जागा मिळायला हवी होती.

आता तुमचं ते वाक्य. जवान मरतात तेव्हा मी कुठे असते?

माझे वडील गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माझं लहानपण तिथे गेलं. दादालोक, म्हणजे माओवादी, रात्री गावात येऊन भात मागायचे आणि दोन दिवसांनी पोलीस येऊन तो का दिला म्हणून विचारायचे. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला खबऱ्या ठरवून घरातून उचलून नेलं. सकाळी तो रस्त्यावर सापडला, छातीवर दगड ठेवून दाबलेलं पत्रक होतं. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यानंतर ती शाळेत आली नाही. माओवादी काय करतात हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. माझा मामेभाऊ गडचिरोली पोलिसात आहे. २००९ साली फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६ आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. त्या वर्षात आमच्या घरी फोन वाजला की मामी उचलायची नाही, दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायची. तेव्हा मी तिच्या शेजारी होते. तुम्ही कुठे होतात?

हे सगळं सांगायची माझी इच्छा नव्हती. तुमच्या प्रश्नाने सांगायला लावलं. आणि ज्या माणसाचं बालपण धानोऱ्यात गेलं नाही त्याला सारकेगुडावर बोलायचा हक्क नाही, असंही मी मानत नाही. उलट हक्क प्रत्येकाला आहे, कारण तिथे गोळ्या आपल्या सगळ्यांच्या वतीने झाडल्या गेल्या.

माओवाद्यांनी केलेला खून हा खूनच. त्याला दुसरा शब्द मी कधी वापरलेला नाही. पण तो माझ्या नावाने झालेला नसतो. मी त्यांना मत दिलेलं नाही, माझ्या करातून त्यांची काडतुसं येत नाहीत. २८ जून २०१२ च्या रात्री बिजापूर जिल्ह्यात सारकेगुडाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दल आणि छत्तीसगड पोलीस यांनी १७ माणसं मारली, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. आणि माओवाद्यांशी मोठी चकमक झाली असं देशाला सांगण्यात आलं. गावकरी सांगत होते की आम्ही बीज पंडुम या पेरणीच्या सणाची बोलणी करायला जमलो होतो. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये बाहेर आला. मेलेले माओवादी होते याला पुरावा नाही, गावकऱ्यांकडून गोळीबार झालेला नाही, जवानांच्या जखमा त्यांच्याच बाजूच्या गोळ्यांनी झालेल्या असू शकतात, असं तो म्हणतो. दलाने घाबरून गोळीबार केला असावा असंही त्यात आहे. अंधाराबद्दलच्या तुमच्या प्रश्नाला आयोगाने तिथे उत्तर दिलं आहे, तेव्हा त्यावर मी वेगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की त्या १७ जणांतल्या एकाला मारलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, असंही त्याच अहवालात नोंदवलेलं आहे.

अहवाल आला म्हणून काय झालं? गुन्हा नोंदवून घ्या म्हणत गावकऱ्यांना पोलीस ठाण्यात जावं लागलं. सात वर्षं ज्यांच्या घरातल्या मेलेल्या माणसावर ‘माओवादी’ हा शिक्का होता, त्यांना तो पुसण्यासाठी पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागलं. तुम्हाला यात काहीच खटकत नाही का?

मी एका पक्षाच्या विरोधात लिहिते असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. २०१२ ला दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं, रायपूरला भाजपचं. सलवा जुडूम, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध आदिवासींनाच उतरवणारी मोहीम, उभी केली काँग्रेसच्या महेंद्र कर्मांनी, पाठबळ दिलं भाजपच्या रमण सिंह सरकारने. आदिवासी पोरांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्याच शेजाऱ्यांवर सोडायचं, हे ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. तोवर गावंच्या गावं रिकामी होऊन छावण्यांत आली होती, नाहीतर आंध्राच्या जंगलात पळाली होती. कर्मांना माओवाद्यांनी २५ मे २०१३ ला झीरम घाटीत ज्या क्रूरपणे मारलं त्याचा निषेध मी त्याच आठवड्यात केला होता. आणि तरीही सलवा जुडूमबद्दलचं माझं मत तसूभर बदललं नाही. ही दोन वाक्यं एका माणसाच्या तोंडी असू शकतात हे तुमच्या ध्यानातच येत नाही, आणि आपला सगळा वाद तिथे अडतो.

राज्यसत्तेला जाब विचारला की जवानाचं खच्चीकरण होतं, असं तुम्ही लिहिता. मग जांभुळखेड्याकडेच परत चला, विषय तुम्हीच काढलात. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळलेली होती. माओवादी त्या भागात आहेत हे उघड होतं. अशा रस्त्यावर १५ जणांना एका खासगी गाडीत बसवून कुणी पाठवलं? ६ एप्रिल २०१० ला छत्तीसगडमध्ये ताडमेटल्याला माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान गेले, तेव्हा नेमलेल्या राममोहन समितीने वरिष्ठांच्या चुकांवरच बोट ठेवलं होतं. हे प्रश्न कोण विचारणार? श्रद्धांजलीचे फलक लावणारे विचारत नाहीत. सारकेगुडात ‘आदेश कुणाचा होता’ असं विचारायची ज्याला बंदी, त्याला जांभुळखेड्यातही ते विचारता येत नाही. माझा मामेभाऊ उद्या कुठल्या गाडीत बसणार हे ठरवणाऱ्या साहेबाला जबाबदार धरता यावं, एवढ्यासाठी तरी मला ती बंदी नको आहे.

राहिलं नक्षलवाद संपत आल्याचं. माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत साठेक साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली, त्याचा आनंद आमच्या घरी जेवढा झाला तेवढा तुमच्या घरी झाला नसेल. बंदूक संपत असेल तर चौकशीला आता अडथळा कसला? इतकी वर्षं ‘लढाई चालू आहे’ हे कारण होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. दुसऱ्या एका वाचकाला तुम्ही देशद्रोही म्हणालात तेवढा शब्द वगळला आहे. पुन्हा लिहायचं असेल तर आधी आयोगाचा अहवाल वाचा, त्यातला कुठला निष्कर्ष तुम्हाला चुकीचा वाटतो आणि का, ते लिहा. त्याला मी मुद्देसूद उत्तर देईन. पैशाबद्दलचं वाक्य मागे घेतल्याशिवाय मात्र नाही.