दोघांचा एकांत आणि अकरा पॉइंट

डोंगरातल्या तळ्याकाठी दोघांनी निवांत बसावे म्हणून जायचे आणि गाडीवाल्याने हातात अकरा पॉइंटांची यादी ठेवायची, हा प्रकार आता सहन होत नाही! पहाटे वारा पडलेला असताना पाण्यात शिखराचे प्रतिबिंब अखंड दिसते. ऊन चढून उतार तापले की दरीतून वारा वर येतो आणि तो आरसा फुटतो. मग नौकाविहाराची खिडकी दहा वाजताच का उघडते? तासभर रांगेत उभे राहून मिळते काय, तर आधीच्या प्रवाशाच्या घामाने ओले झालेले, बक्कल तुटलेले लाइफ जॅकेट! आमच्या ‘लेक व्ह्यू’ खोलीतून तळे दिसते म्हणा, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून, आणि तेही स्टुलावर चढल्यावर.